ताटलीतली बिडी

बाईमाणूस आपल्याला हाक मारतंय असं वाटलं की पुरुषाचा हात आधी मिशीकडे जातो. जगदेवचाही गेला. त्याच्या पाठीमागे गाडीभर कापूस पेटायच्या बेतात होता आणि हा गडी ऐटीत मिशीला पीळ देत बसला होता.

सन छप्पनची दिवाळी नुकतीच सरली होती. आमचं शेत मेडशीच्या शिवारात, मालेगावच्या रस्त्याला लागून. मी बाबांसाठी भाकरी आणि गडूभर ताक घेऊन चालले होते, आणि माझ्यापुढे एक कापसाची गाडी चालली होती. गाडीवानानं बिडीचा शेवटचा झुरका घेतला आणि मागे न बघता थोटूक खांद्यावरून भिरकावलं. ते रस्त्यावर पडायचं, ते त्याच्याच गाडीतल्या कापसावर पडलं. चार-दोन पावलं गाडी गेली नाही तोच कापसातून बारीक धूर निघायला लागला.

"ओ भाऊ, थांबा," मी ओरडले.

त्यानं वळून पाहिलं. पाहिलं ते माझ्याकडे, धुराकडे नाही. मी हात हलवला, तर त्यानंही हलवला. मी पळायला लागले, तेव्हा त्यानं बैल हळू केले आणि डोक्याचा रुमाल नीट बांधायला घेतला. मग मात्र माझं डोकं फिरलं. चाकावर पाय देऊन मी वर चढले आणि गडू उपडा केला. अर्धं ताक कापसावर गेलं, अर्धं त्याच्या अंगावर. त्याच्या अंगावरचं चुकून सांडलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे. ते खरं नाही.

धूर दिसल्यावर त्याचा चेहरा उतरला. कापूस दुसऱ्याचा, गाडी काकाची, त्याचे स्वतःचे तेवढे बैल. जळका कापूस उपसून त्यानं रस्त्यावर टाकला, पायानं तुडवला, आणि मग ओल्या मिशीतून ताक गळत असताना माझ्याकडे बघून हसला. हसणं छान होतं, ते मी तेव्हाच कबूल केलं... मनात.

"तुमी मले भाऊ म्हनलं," तो म्हणाला.

"मंग काय म्हनू? आग लावनारा म्हनू?"

"चालते. भाऊ सोडून कायबी म्हना."

एवढं बोलून तो पुन्हा हसायला गेला आणि त्या हसण्याचा खोकला झाला. असा खोकला, की तो गुडघ्यावर हात टेकून वाकला, डोळ्यांत पाणी आलं, आणि बैलसुद्धा मान वळवून बघायला लागले. वय असेल चोवीस-पंचवीस. तो खोकला मात्र मला चांगला ओळखीचा होता. आमच्या घरी रोज पहाटे कोंबड्याच्या आधी तोच उठायचा.

माझे बाबा, उकंडराव, दिवसाला दोन बंडलं ओढत. आई मी लहान असतानाच गेली. घरात बाबा, मी आणि बाबांची विधवा बहीण, गोजराआत्या. आत्याचा नवराही असाच खोकत खोकत चाळिशीच्या आत गेला होता. गावानं म्हटलं, नशीब. वाशिमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी म्हटलं होतं, बिडी. त्याच डॉक्टरांनी पुढे बाबांच्या छातीला नळी लावून बघितलं आणि बिडी सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा बाबांनी घरी येऊन निकाल दिला, की डॉक्टर नवाच आहे, अजून शिकतोय. त्यावर मी काही बोलले नाही. बाबांपुढे कधीच बोलत नसे.

तिसऱ्या दिवशी गाडी आमच्या बांधावर थांबली. ज्वारीत पाखरं पडायला लागली होती, म्हणून मी मचाणावर गोफण घेऊन उभी होते. आत्या पलीकडे कापूस वेचत होती आणि आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवत होती. हा खाली उभा राहिला. हातात गडूभर ताक, कानावर बिडी.

ताकाच्या बदल्यात ताक आणलं, असं म्हणाला. नाव जगदेव. मेडशीपलीकडे दोन कोसांवर वाडी. आईबाप होते, पण घरातला शब्द बबनराव काकांचा. हे सगळं मी न विचारता त्यानं सांगितलं. मग कानावरची बिडी काढून ओठांत धरली.

मी म्हटलं, ती पेटवायची असेल तर बांधापलीकडे जाऊन पेटवा.

"अवो, बिडी वढल्याबिगर दम येत नाही मानसाले," तो म्हणाला. "कामाले जोर येते त्यानं."

"असं? मंग एक हाक मारून दाखवा. हे पाखरं उठले पाहिजेत."

एवढंच ना, असा चेहरा करून त्यानं छाती भरली, तोंडाशी हात धरले आणि "हो ऽ" म्हणून आरोळी ठोकली. ती "हो"च्या पुढे गेलीच नाही. मध्येच घशात अडकली, खोकला सुटला आणि गडी बांधावर बसला. ज्वारीवरचं एकही पाखरू हललं नाही. एक राघू तर कणसावर बसल्या बसल्या मान वाकडी करून त्याच्याकडे बघत होता. मग मी हाक दिली. अख्खा थवा उठून शेजाऱ्याच्या शेतात गेला. कापसाच्या ओळीतून आत्याच्या हसण्याचा आवाज आला, म्हणजे तिला ऐकू येत होतं.

जगदेवचे कान लाल झाले. मला कीव आली, आणि कीव आली की माझी जीभ सैल सुटते. मी म्हटलं, "ज्या दिशी तुमच्या हाकेनं पाखरं उठतीन, त्या दिशी मले काय इचाराचं ते इचारा."

"काय इचारू?"

"ते तुमाले मालूम. आज गाडी इथंच काहून थांबोली, ते नाही समजत का मले?"

तो बांधावरची माती उकरत बसला. मग हळूच म्हणाला, बिडी ही काय मोठी गोष्ट आहे, सगळं गाव ओढतं. मी आत्याकडे बोट दाखवलं. तिच्या मोकळ्या कपाळाकडे. ती वाकून वेचत होती, तिला दिसलं नाही.

"मले माया कपायावर कुंकू म्हातारपनापर्यंत पाहिजे," मी म्हटलं... आणि मग आपण काय बोलून गेलो ते कळून मी दुसरीकडे तोंड फिरवलं. पाखरं नव्हती तिकडे गोफण फिरवायला लागले.

थोड्या वेळानं बघितलं तर तो गाडी घेऊन निघून गेला होता आणि बांधावर बिडीचं अख्खं बंडल पडलं होतं.

पहिले आठ दिवस त्यानं माझे जे हाल केले ते सांगण्यासारखे नाहीत. म्हणजे हाल त्याचे होते, पण ऐकायची मी. डोकं ठणकतं, झोप येत नाही, हात नुसता खिशात जातो. बैलांशी भांडला. काकांशी भांडला. बिडीची आठवण आली की गूळ-फुटाणे खायचा, आणि गूळ-फुटाणे संपले की बिडीची आठवण यायची. खोकला कमी व्हायचा तो उलट वाढला. पाचव्या दिवशी तो मचाणाखाली येऊन खोकला तो थांबेच ना, आणि वर बघून म्हणाला, "मारून राह्यली तू मले." तुम्हीवरून तू वर आला, ते माझ्या लक्षात आलं. त्याच्या नाही आलं.

मीही सोडलं नाही. "आतली घाण बाहीर निंगून राह्यली," म्हटलं. "निंगू दे." हे मला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एकदा सांगितलं होतं. आठ-पंधरा दिवस जास्त खोकतो माणूस आणि मग मोकळा होतो.

नवव्या दिवशी तो मालेगावच्या बाजारातून आला. लांबूनच बडीशेपेचा वास आला. जवळ आल्यावर कच्च्या कांद्याचा. आणि कांद्याखाली बिडीचा.

मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं. गाडीवानांच्या घोळक्यात बसला होता, सगळे ओढत होते, एकानं हातात दिली, ओढून झाल्यावर आपण ओढली हे कळलं. एकच. मी मचाणावरून उतरले आणि सरळ घरी गेले. दोन दिवस शेतात आत्याला पाठवलं. त्या दोन दिवसांत मला कळलं की मी या माणसावर प्रेम करते. कारण राग एवढा येतो तो परक्यावर येत नाही, आणि रागाच्या खाली जी भीती होती ती तर नक्कीच परक्यासाठी नव्हती. चाळिशीच्या आत, खोकत खोकत... असलं काहीबाही डोळ्यांपुढे यायचं आणि भाकरी करपायची.

आत्या तिसऱ्या दिवशी म्हणाली, ते पोरगं रोज गाडी थांबवून उभं राहतं आणि मला शेतीचे प्रश्न विचारतं. काल त्यानं विचारलं, कापूस केव्हा वेचतात. गाडीभर कापसावर बसून विचारलं. तू जा बाई आता, मला हसू आवरत नाही.

मी गेले. त्यानं पुन्हा नाही म्हणून शपथ घ्यायला तोंड उघडलं, तर मी म्हटलं, शपथ नको, बाजारात गाडीवानांपासून दूर बस. ते त्याला पटलं. पुढच्या बाजाराला तो आपल्या बैलांजवळ बसून भाकरी खात होता, असं त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं.

मग हळूहळू गंमत सुरू झाली. महिना होत आला तसा तो एक दिवस घाबरत म्हणाला, की आमच्या घरच्या चटणीत मीठ जास्त असतं. जन्मभर खाल्ली, कधी कळलं नाही. आईला बोलून गेलो आणि आईनं दोन दिवस चटणीच वाढली नाही. चढावर गाडी ढकलताना आता थांबावं लागत नाही, म्हणाला. गाल भरले. पिवळी पडलेली बोटं तो रोज मातीनं घासायचा आणि मला वर करून दाखवायचा. एकदा मचाणाला टेकून उभा असताना बोलता बोलता नाक वर करून हुंगायला लागला.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुया केसायले खोबऱ्याच्या तेलाचा वास येते."

"पह्यलेपासूनच येते."

"मले आज आला," तो म्हणाला, आणि असा बघत राहिला की माझ्या हातातून गोफण खाली पडली. ती त्यानं उचलून दिली. देताना बोटं लागली. तेवढंच. पण त्या रात्री मी भाकरीला मीठ घातलं नाही आणि बाबांना ते कळलंही नाही, त्यांची जीभ केव्हाच धुरात गेली होती.

ज्वारी कापणीला आली त्या आठवड्यात पाखरं उठली. त्यानं हाक मारली, लांब, सलग, शेवटपर्यंत न फुटणारी, आणि सगळा थवा एकदम आभाळात गेला. आम्ही दोघंही वर बघत उभे होतो. मग तो माझ्याकडे वळला आणि डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधायला लागला.

"आता इचारू?"

"इचार ना."

"काकाले धाडू का... तुया घरी?"

मी मान हलवली.

बबनरावांचा निरोप आला, बुधवारी येतो. बाबांना जगदेव बांधावरून येता-जाता दिसायचा, पोरगं कष्टाळू आहे म्हणाले. सगळं कसं सरळ चाललं होतं. मंगळवारी रात्री बाबांनी मला हाक मारून सांगितलं, पितळेची ताटली घासून ठेव. आणि मला ताटलीतली बिडी आठवली.

आमच्या भावकीत सोयरीक जुळते ती ताटलीवर. ताटलीत सुपारी, माचिस आणि बिड्या. एरवी मोठ्यांसमोर बिडी ओढणाऱ्या पोराला कोणीही दोन रट्टे दिले असते, पण त्या एका दिवशी नवरदेवानं बिडी उचलायची आणि मुलीच्या बापानं आपल्या हातानं ती पेटवून द्यायची. दोन घरांचा धूर एक झाला, असं म्हणायचं. बिडी उचलली नाही, म्हणजे मुलगी पसंत नाही. आत्याच्या दिराच्या मुलीला बघायला आलेला एक जण घसा दुखतो म्हणाला होता. ती दोन घरं आज एकमेकांच्या विहिरीचं पाणी पीत नाहीत. हे मी लहानपणापासून बघत होते, आणि दोन महिने त्याच्या मागे लागताना माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. आता त्याला निरोप द्यायलाही सवड नव्हती. ताटली घासता घासता मी रडले, त्यामुळे ती लख्ख निघाली.

बुधवारी मी दाराआड उभी होते. ओसरीवर बबनराव, त्यांच्या शेजारी नवा रुमाल बांधलेला जगदेव, समोर बाबा. बाबांनी ताटली पुढे केली. जगदेवनं सुपारी उचलली.

"बिडी घ्या," बाबा म्हणाले.

"मी वढत नाही, मामाजी."

बाबांचा चेहरा बदलला. दिवाळीच्या आधी हाच पोरगा धूर सोडत आपल्या बांधावरून जाताना त्यांनी स्वतः बघितला होता. म्हणजे पोरगा तोंडावर खोटं बोलतोय, म्हणजे मुलगी नको आहे. बबनरावांनाही घाम फुटला. ते पुतण्याला कोपरानं ढोसून कुजबुजले, घे ना बावा, एकानं काय होते.

जगदेवनं दाराकडे बघितलं. मग त्यानं बिडी उचलली आणि ओठांत धरली. बाबांनी काडी ओढली. त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं, की हा आता ती ओढणार, माझ्यासाठीच ओढणार, आणि उद्यापासून मी त्याला काय सांगणार होते?

मी बाहेर आले. बघायला आलेल्या मुलीनं बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नसतं. मी नुसती आले नाही, वाकून फुंकर मारली आणि बाबांच्या हातातली काडी विझवली.

"बाबा," मी म्हटलं, "त्यायची बिडी म्या सोडोली."

बाबा विझलेली काडी धरून बसले होते.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"पाखरं हाकलता हाकलता."

बबनराव पागोटं सावरत उठायला लागले, पोरगी भलतीच बोलकी दिसते म्हणाले. बाबांनी त्यांना हातानंच खाली बसवलं. ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता मारतील. पण त्यांचा आवाज निघाला तो असा, की मी तो कधी ऐकला नव्हता.

"परक्या पोराची सोडोली," ते म्हणाले. "आन मायी काहून नाही सोडोली?"

"तुमचं भेव वाटे, बाबा."

"माया?" म्हणाले, आणि पुढचं बोलणं खोकल्यात गेलं. मी तिथंच उभी राहिले, आणि इतकी वर्षं पांघरुणातून तो खोकला गपगुमान ऐकत पडल्याची मला लाज वाटली. रागावतील म्हणून मी गप्प राहिले होते, आणि ते कोणीतरी रागावण्याची वाट बघत होते.

खोकला थांबल्यावर बाबा जगदेवकडे वळले. डोकं दुखतं का, त्यांनी विचारलं. जगदेवनं ओठांतली बिडी काढून ताटलीत ठेवली आणि सांगितलं, आठ दिवस दुखतं, मग थांबतं. झोप? महिनाभरात येते. हाताचं काय करायचं? फुटाणे ठेवायचे खिशात. मग चवीचं निघालं, चढाचं निघालं, आईच्या चटणीचं निघालं. बाबा पुढे सरकून ऐकत होते. देण्याघेण्याचं राहिलं, मानपानाचं राहिलं, मी ओसरीच्या मधोमध उभी होते आणि मला बघायला कोणीच तयार नव्हतं. शेवटी बबनराव वैतागले.

"अबे, पोरगी पसंत हाये का नाही?"

"थांबा ना काका," जगदेव म्हणाला, "मामाजीयचं होऊ द्या."

बाबा हसले. मग माझ्याकडे बघून एकदम गंभीर झाले. "पोरगी गेल्यावर मले कोन टोकीन?" त्यांनी विचारलं. मला नाही, त्याला.

"आमी दोघंबी येत जाऊ," जगदेव म्हणाला. "रोज. दोन कोस त हाये."

जावई रोज सासुरवाडीला कसा येईल, लोक काय म्हणतील, असं बबनरावांनी सुरू केलं. बाबा म्हणाले, म्हणू द्या. आणि मग त्या काळी कोणी मुलीला विचारत नसे ते त्यांनी मला विचारलं, "तुले पसंत हाये का?"

"हाये," मी म्हटलं. खाली न बघता म्हटलं.

बाबांनी कोटाच्या खिशातलं बंडल काढून ताटलीत टाकलं आणि ताटली माझ्या हातात दिली. "हे चुलीत टाक," म्हणाले. "आन चहा आन सगळ्यायले. नवरदेवाले दोन कप आन, लय भूक लागते म्हने त्याले."

मी आत गेले, बंडल चुलीत टाकलं आणि दाराआड उभी राहून पोटभर रडले. बाहेर बाबांना पुन्हा ढास लागली होती. मी फटीतून बघितलं, तर जगदेव उठून त्यांच्या मागे बसला होता आणि हळूहळू त्यांची पाठ चोळत होता.